नाथाभाऊंच्या पितळी चकत्या

टेकवाडीत लेथ मशीन एकच आहे, आणि ते नाथाभाऊ गांगुर्ड्यांचं. त्यामुळे पाण्याच्या मशीनची पेटी उघडली आणि पाचाच्या नाण्यांबरोबर पितळेच्या कोऱ्या, गुळगुळीत चकत्या खणखणत बाहेर पडल्या, तेव्हा त्या कुणी केल्या हे गावात कुणाला विचारावं लागलं नाही. लोक एकमेकांना विचारत होते ते एवढंच, की पाच रुपयांसाठी नाथाभाऊंसारख्या माणसानं हे का करावं?

चांदवडच्या अलीकडे हमरस्ता सोडून आत वळलं की आधी कांद्याच्या चाळी लागतात, मग मारुतीचं देऊळ, देवळासमोर धनराजशेठचं दुकान आणि दुकानामागं नाथाभाऊंची पत्र्याची शेड. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी नाशकात, सातपूरच्या एका वर्कशॉपात टर्नर म्हणून काढली. निवृत्त होताना मालकानं त्यांचंच जुनं लेथ त्यांना भंगाराच्या भावात दिलं. ते टेम्पोत घालून त्यांनी गावी आणलं आणि पंपाचे शाफ्ट, बुश, ट्रॅक्टरच्या पिना असली कामं करू लागले. नाथाभाऊंनी बसवलेला बुश कधी डगमगला नाही. लहानसहान कामाचे पैसे ते घेत नसत. "ह्याचं काय घ्यायचं?" म्हणून हात पुसत आत जात.

मापायची त्यांना खोडच होती. ताटात भाकरी पडली तरी ते कडेला अंगठा आणि बोट लावून बघत आणि म्हणत, "आज सूतभर जाड झाली."

"मग न्या तुमच्या मशीनवर आन् काढा सूतभर," वत्सलाबाई म्हणत. "कोरड्यास तवर निवू द्या."

वत्सलाबाईंना मुतखड्याचा त्रास होता. टेकवाडीच्या बोअरचं पाणी इतकं जड, की चहाच्या पातेल्याला आतून चुन्याचा हात दिल्यासारखा थर बसतो. चांदवडच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, फिल्टरचं पाणी प्या आणि भरपूर प्या. गावात तसं पाणी आलं ते बायकांच्या बचत गटामुळे. गटाची अध्यक्ष संध्या. तिची पिठाची गिरणी आहे आणि गिरणीच्या आवाजावर बोलून बोलून तिचा आवाज कायमचा चढलेला आहे. तिनं पंचायतीत भांडून जागा घेतली, एका कंपनीशी करार केला आणि पाण्याचं एटीएम बसवून घेतलं. फटीत पाचाचं नाणं टाकायचं, खाली कॅन लावायचा. जमलेल्या पैशांतून कंपनीचा हिस्सा जायचा, उरलेला गटाचा. वत्सलाबाईही गटात होत्या. मशीनच्या उद्घाटनाला नारळ त्यांनीच फोडला होता.

पाणी गोड होतं. अडचण आली ती नाण्यांची.

मशीन नोट घेत नव्हतं. नाणं एकदा आत गेलं की ते महिनाभर पेटीत बंद, कारण पेटीची किल्ली कंपनीच्या माणसाकडे. तो महिन्यातून एकदा येई, पेटी उघडी आणि नाणी बँकेत भरून टाकी. म्हणजे गावातली पाचाची सगळी नाणी मशीन महिनाभर गिळत राही आणि शेवटी ती चांदवडला निघून जात. दुसऱ्या महिन्यातच गावात पाचाचा ठोकळा दिसेनासा झाला. ज्याच्याकडे असे तो तो लपवून ठेवी. पाहुणा आला की पोरं त्याच्या खिशाकडे बघत.

"आख्ख्या देशाच्या नोटा नाशिकरोडला छापत्यात," पारावर कुणीतरी म्हणालं, "आन् नाशिक जिल्ह्यात पाचाचा ठोकळा मिळंना!"

"नोटाच छापत्यात, बाबा. ठोकळे पाडत असते तर आपणच जाऊन रांगेत बसलो असतो."

नाणी होती ती फक्त धनराजशेठकडे. शेठ देवळाच्या कमिटीचे खजिनदार. दानपेटीतली चिल्लर मोजायला कुणी येत नसे, म्हणून ते एकटेच बसून मोजत, तेवढ्या नोटा देवाच्या नावावर भरत आणि चिल्लर दुकानात आणत. हिशेबात एका पैशाची खोट नव्हती. पण पाचाचं नाणं मागितलं, की ते चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "बिस्किटचा पुडा घ्या, मोड देतो." बिस्किट नको असेल तर पन्नासच्या नोटेला नऊ नाणी. "दीड-दीड तास मांडी घालून मोजतो मी. माझ्या कंबरेचं काय?" असं त्यांचं म्हणणं होतं. कंबर खरंच धरलेली होती.

चैत्रातल्या एका दुपारी वत्सलाबाई रिकामा कॅन घेऊन परत आल्या. हातात दहाची नोट तशीच होती.

"काय झालं?"

"काय व्हायचं? शेठ म्हणाला पुडा घ्या. दोन पुडे घरात पडल्यात, मुंग्या खाऊन ऱ्हायल्यात. मी म्हणलं राहू दे." त्यांनी बोअरचं पाणी गाळून घेतलं आणि प्यायल्या. असं आठवडाभर चाललं. मग एका सकाळी त्या चुलीपाशीच वाकून बसल्या ते त्यांना उठताच येईना. नाथाभाऊंनी त्यांना मोटरसायकलवर मागं बसवून चांदवडला नेलं. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला त्या कण्हत होत्या, आणि नाथाभाऊंच्या शर्टाच्या खिशात नोटा होत्या. पाणी होतं, पैसे होते, मध्ये अडकून बसला होता तो एवढासा पितळेचा तुकडा.

सातपूरला असताना त्यांच्या शेजारच्या मशीनवर सोमनाथ म्हणून येवल्याकडचा एक जण होता. तेव्हा टपरीवर रुपयाच्या नाण्याचे लाल फोन असत. सोमनाथ त्यात पत्र्याच्या चकत्या कापून टाकायचा आणि घरी बायकोशी बोलायचा. नाथाभाऊ त्याला हसले होते. "अरे, रुपयासाठी इमान विकतो का?"

"रुपये हायेत रं खिशात," सोमनाथ म्हणाला होता, "पण ती दहाची नोट हाय. टपरीवाला म्हणतो मोड पाहिजे तर गुटखा घे. बायकोशी बोलायचं म्हणून गुटखा खाऊ का मी?"

तेव्हा नाथाभाऊंना ते उत्तर पळवाटेसारखं वाटलं होतं. चांदवडहून परत येताना मात्र तोच सोमनाथ त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. रुपयासाठी कुणी खोटं नाणं करत नसावं, त्यांना वाटलं. नाण्यावाचून अडतं म्हणून करत असावं.

घरात देव्हाऱ्यातल्या वाटीत एक पाचाचं नाणं होतं. ते त्यांनी शेडमध्ये नेलं. व्हर्नियरनं व्यास घेतला, जाडी घेतली, सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर वजन केलं. जुन्या पंपाच्या पितळी रॉडचे तुकडे कोपऱ्यात पडलेच होते. चकती कापली, कडा मारून घेतल्या, कानशीनं कडेची टोचरी कूस घासून काढली. काम करताना त्यांना जरा बरंच वाटलं, हे नाकारून चालणार नाही. माप बरोबर उतरलं की त्यांना नेहमीच बरं वाटायचं.

कडक उन्हात मशीनपाशी कुणी नाही असं बघून त्यांनी ती चकती फटीत टाकली. हिरवा दिवा लागला, पाणी धो धो पडायला लागलं. कॅन भरला आणि मशीन आपल्या हिंदी बाईच्या आवाजात म्हणालं, "धन्यवाद."

नाथाभाऊ चपापले. आजूबाजूला बघून त्यांनी कॅन खांद्यावर टाकला आणि घराची वाट धरली. त्या 'धन्यवाद'नं त्यांना दिवसभर सुचू दिलं नाही. फुकट पाणी आणणाऱ्यातले ते नव्हते. मशीनला नोट देता येत नाही, मग पैसे द्यायचे कुणाला? संध्याला द्यावेत तर सगळं सांगावं लागलं असतं. संध्याकाळी ते देवळात गेले आणि दहाची नोट घडी करून मारुतीच्या दानपेटीत टाकली. पाच आजचे, पाच उद्याचे. मशीन गावचं, मारुतीही गावचा. गावाचा पैसा गावात राहिला. त्या रात्री त्यांना शांत झोप लागली.

पुढे तो नेमच झाला. एका कॅनला एक चकती, दोन कॅनला मारुतीला दहा रुपये. वत्सलाबाईंना वाटे, हे चांदवडहून मोड आणतात. त्यांचं दुखणं कमी झालं होतं. चहाच्या पातेल्यावरचा थर गेला होता.

मग सिंधुबाईंनी त्यांना पकडलं. शेजारच्या सिंधुबाई, सत्तरी उलटलेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी मशीनपाशी नाथाभाऊंच्या हातात चकती बघितली आणि पदराआडून हळूच म्हणाल्या, "नाथा, मला बी दे की रं दोन. शेठ मला उभं करत नाय."

"मावशी, ते खरं नाणं नाय."

"मला कुठं वाचता येतं? मशीनला चालतं ना?"

नाथाभाऊंना नाही म्हणता आलं नाही. त्यांनी चार दिल्या, मग आणखी दिल्या. मारुतीच्या पेटीचं त्यांनी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी सिंधुबाईंनी तिथं काही टाकलं नसतं. सिंधुबाईंकडून चकत्या आणखी पाचसात घरांत गेल्या. नाण्याला पाय फुटतात, मग ते खरं असो की खोटं.

महिना भरला. कंपनीचा माणूस आला. शेखर नावाचा, बारीक मिशीचा, टाय लावलेला तरुण. गटाच्या बायकांसमोर त्यानं पेटी उघडली आणि ताटात ओतली. ताटात जवळजवळ निम्म्या चकत्या होत्या. शेखरनं फटीवर चिकटपट्टी लावली.

"ताई, करारात लिहिलंय. मशीनशी छेडछाड झाली तर मशीन उचलायचं. पलीकडची दोन गावं मागतच आहेत. मी सोमवारी टेम्पो घेऊन येतो. नाहीतर ज्यानं केलं त्याचं नाव द्या, कंपनी पोलिसांत तक्रार करेल आणि मशीन राहील."

पितळेचं इतकं स्वच्छ काम बघून तिथल्या प्रत्येक बाईला नाव कळलं होतं. वत्सलाबाईंनी एक चकती उचलली, कडेवरून अंगठा फिरवला आणि ताटात परत ठेवली. आपल्या नवऱ्याचा हात त्यांना ओळखू येणार नाही तर कुणाला येणार?

घरी आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "मी कसलं पाणी पीत व्हते महिनाभर?" उत्तर ऐकायला थांबल्या नाहीत.

तासाभरात संध्या शेडमध्ये आली. लेथ चालू होतं. तिनं स्वतःच बटण बंद केलं.

"नाथाभाऊ, पितळ काय भाव हाय हो आजकाल?"

"किलोला सहाशेच्या पुढं."

"मंजे एका चकतीला?"

"चार रुपयाला जरा कमी."

"रुपया वाचवायला हा उद्योग केला?"

"वाचवायला नाय, संध्याताई. मी पैसं दिल्यात. पाच रुपये कॅनप्रमाणं, एक दिवस चुकवला नाय."

"कुणाला?"

"मारुतीच्या पेटीत टाकलं."

संध्या हसायलाच लागली. पण ते हसू चांगलं नव्हतं. "मशीन कुणी आणलं? बायांनी. कंपनीचा हिस्सा कोण भरतं? बाया. आन् पैसे तुम्ही दिलं कुणाला, तर बाप्यांच्या कमिटीला! त्या देवळात आम्हाला गाभाऱ्याच्या पायरीवर येऊ देत नाय, अन् आमचं पाणी त्यांच्या खात्यावर?"

हे नाथाभाऊंच्या मनातच आलं नव्हतं. गावाचं म्हणजे गावाचं, एवढंच त्यांना आयुष्यभर माहीत होतं. त्यात बायांचं वेगळं काही असेल, हे त्यांनी कधी मापून बघितलं नव्हतं.

"पण मी खोटं नाणं केलं नाय," ते हळूच म्हणाले. "त्यावर सिंह काढला नाय, आकडा काढला नाय. माणसाला फसवायला करतो तर काढला असता."

"मशीनला डोळे नायत म्हणून काढला नाय, भाऊ," संध्या म्हणाली. "डोळे असते तर काढला असता. तुमचा हात मला म्हाईत हाय."

ते खरं होतं, हे नाथाभाऊंनाही माहीत होतं.

जाताना दारात थांबून ती म्हणाली, "नाव मी देणार नाय. कुणीच देणार नाय. वत्सलावहिनी आमच्यातली हाय. मशीन गेलं तर जाऊ दे." शिवी दिली असती तर नाथाभाऊंना सोसलं असतं, हे सोसलं नाही.

ते तीन दिवस वत्सलाबाई त्यांच्याशी बोलल्या नाहीत. ताट समोर सरकवायच्या. नाथाभाऊंनीही भाकरीच्या कडेला बोट लावलं नाही. वत्सलाबाई बोअरचंच पाणी पीत होत्या. नाथाभाऊ चांदवडहून बाटल्या घेऊन आले, तर त्यांनी त्या तशाच कोपऱ्यात ठेवल्या. पाणी गेलं तर पुढच्या दुखण्याला जबाबदार कोण, हे दोघांनाही माहीत होतं.

सोमवारी टेम्पो आला. निम्मं गाव जमलं. धनराजशेठही आले होते आणि सगळ्यांत मोठ्यानं तेच बोलत होते. गेल्या महिन्यात त्यांच्याकडे मोड मागायला फारसं कुणी फिरकलं नव्हतं. "खोटं नाणं पाडणं म्हणजे साधी गोष्ट नाय. जेल होती, जेल!"

शेखरनं वही काढली. "मग? नाव देताय, की मशीन उचलू?"

बायका जमिनीकडे बघत उभ्या होत्या. नाथाभाऊ पुढं आले. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा होता, लग्नाला निघाल्यासारखा.

"लिहा. नाथा गांगुर्डे, टर्नर. चकत्या मी केल्या, सगळ्या मीच केल्या. दुसऱ्या कुणाचा हात नाय."

"अन् मी टाकल्या की!" मागून सिंधुबाई ओरडल्या. "माझं बी लिही, पोरा. पण आधी शेठचं लिही, नऊच्या भावानं नाणं इकतो ते."

हशा पिकला. शेठ म्हणाले, "माझी कंबर..." आणि त्यांचं कुणी ऐकून घेतलं नाही.

शेखरनं चकती हातात घेऊन उलटी-सुलटी केली. "काका, तुम्ही तर सरळ दिसता. का केलंत हे?"

नाथाभाऊंनी सांगितलं. सोमनाथचं सांगितलं नाही, मारुतीचं सांगितलं. वत्सलाबाईंचं दुखणं ते सांगायला लागले, तेव्हा इतका वेळ घराकडे तोंड करून उभ्या असलेल्या वत्सलाबाई वळल्या.

शेखर बाजूला जाऊन साहेबांशी फोनवर बोलायला लागला. पण टेकवाडीत फोन लाऊडस्पीकरवर टाकल्याशिवाय ऐकू येत नाही, त्यामुळे सगळ्यांनाच ऐकू आलं. "नुकसान किती?" शेखरनं आकडा सांगितला. पलीकडून साहेब म्हणाले, "अरे, एवढ्यासाठी टेम्पो नेलास? डिझेल किती जाळलं? भरून घे आणि चालू कर मशीन. मला कोर्टात चकरा मारायच्या नाहीत."

लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. संध्याला मात्र राग आला.

"एवढ्यासाठी म्हणजे? तुमच्या साहेबाला सांगा, एवढंसंच आमचं सगळं हाय. नुकसान नाथाभाऊ भरतील, सगळ्यांच्या वाट्याचं. पण किल्ली आमच्याकडं द्या. पेटी आम्ही आठवड्याला उघडू, नाणी गावात फिरू देऊ, तुम्हाला नोटा मोजून देऊ. नाय तर पुढच्या महिन्यात दुसरा कुणी नाथाभाऊ निघंल. लेथ नसंल तर कानशीनं घासंल."

"ताई, किल्ली देण्याचा मला अधिकार नाही."

"मग टेम्पोत मशीन घाला आन् वर मला बी घाला. मी येते तुमच्या साहेबाकडं बोलायला."

शेखरनं टेम्पोकडे बघितलं, संध्याकडे बघितलं. त्यानं पुन्हा फोन लावला, ह्या वेळी मात्र पार कांद्याच्या चाळीपर्यंत लांब जाऊन. परत आला तेव्हा किल्ली जुडग्यातून वेगळी काढत होता. "तीन महिने बघू म्हणालेत."

मग संध्या धनराजशेठकडे वळली. "भाऊंनी टाकलेल्या नोटा राहू द्या मारुतीला. देवाकडून परत मागत नाय. पण दानपेटीतली चिल्लर इथून पुढं गटाला, रुपयाला रुपया. मोजायला आमच्या दोघी येतील. तुमच्या कंबरेला बी आराम." शेठ काहीतरी पुटपुटले. सगळं गाव बघत होतं. त्यांनी मान हलवली.

आणि नाथाभाऊंची शिक्षा? तीही गटानंच ठरवली. रोज सकाळी मशीनपाशी बसायचं आणि नोटेला मोड द्यायची, गट सांगेपर्यंत. पारावरच्या मंडळींना महिनाभर पुरेल एवढा विषय मिळाला. "काय नाथाभाऊ, बचत गटात नाव घातलं का? हळदीकुंकवाला येताय का?" नाथाभाऊ मान खाली घालून नाणी देत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बसायला घरून पाट आणला.

तिसऱ्या दिवशी रांगेत वत्सलाबाई उभ्या होत्या. नाथाभाऊंनी हातानं खूण केली, पुढं ये. त्या आल्या नाहीत. आपली पाळी आली तेव्हाच पुढं झाल्या आणि दहाची नोट त्यांच्यासमोर धरली. नाथाभाऊंनी दोन नाणी दिली. वत्सलाबाईंनी सगळ्या बायकांच्या देखत एकेक नाणं दोन्ही बाजूंनी नीट बघितलं, एक दाताखाली धरल्यासारखंही केलं. मागच्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. नाथाभाऊंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"बघितलं?" ते म्हणाले.

"बघणारच. आता रोज बघणार."

इतक्या दिवसांतलं त्यांचं हे पहिलं बोलणं होतं. कॅन भरला. नाथाभाऊ गडबडीनं पाटावरून उठले आणि कॅन उचलायला पुढं झाले. वत्सलाबाईंनी तो आपल्याकडे ओढला आणि कमरेवर घेतला.

"तुम्ही बसा जाग्यावर," त्या म्हणाल्या. "अजून रांग हाय."